काच पुसून दमले, तरी सकाळी रायबंदरच्या कॉजवेवर रेघाच रेघा

पणजी_ते_फोंडा
रविवार, सकाळी ११.२०

नमस्कार. मी राहते पणजीत आणि शिकवते फोंड्याला. म्हणजे सकाळी पूर्वेकडे जायचं, संध्याकाळी पश्चिमेकडे यायचं, आणि दोन्ही वेळा सूर्य माझ्याच तोंडावर. नोकरी घेताना हा हिशेब डोक्यात आला नव्हता.

गाडी २०१६ ची वॅगन आर. सावलीत उभी असते तेव्हा काच चकचकीत दिसते. पण सकाळी साडेसातला कॉजवेवर, म्हणजे पाण्यातून जाणाऱ्या बांधाच्या रस्त्यावर, चढले की समोरून ऊन, शेजारच्या पाण्यावरून त्याची तिरीप, आणि काल रात्री मी फिरवलेल्या फडक्याचा प्रत्येक फेरा काचेवर उमटतो. १६३३-३४ साली पोर्तुगिजांनी हा कॉजवे बांधला तेव्हा त्यावरून वॅगन आर जाणार नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण मंगळवारी रायबंदर गावात पाव विकणारा पोदेर मला दिसायच्या आधी त्याच्या सायकलचा भोंपू ऐकू आला. तो वाचला, पावही वाचले. मी मात्र पहिला तास बसूनच शिकवला.

करून झालेले उपाय: जुना टॉवेल, त्याची पांढरी लव काचभर. वर्तमानपत्र, त्याचा लगदा झाला आणि दाराच्या रबराला काळं लागलं. भांड्यांचा साबण पाण्यात घालून, तर उन्हात इंद्रधनुष्य. दुकानातला निळा स्प्रे, तो तर अर्धी बाटली संपवली. शेवटी मायक्रोफायबरची तीन फडकी आणली. पहिल्या दिवशी छान, दोन धुण्यांनंतर टॉवेलपेक्षा वाईट.

नवरा म्हणतो काच बदल. भाऊ म्हणतो चष्मा बदल. चष्म्याचा नंबर तपासून आले, तोच आहे. कोणी अनुभवाचं सांगेल का?


म्हापशेकर_७१
रविवार, दुपारी १२.०५

पेपरच वापरा. आमच्या घरात आरसे, कपाटाच्या काचा, सगळं पेपरनेच होतं. तुम्ही पेपर फार ओला केला असणार. पाणी वेगळ्या फडक्याने लावायचं आणि पेपर कोरडा, चुरगाळून. दाराच्या रबराला लागतो हे खरं, तिथे हात आवरायचा.


मोपा_रात्रपाळी
रविवार, दुपारी ३.४०

टीचर, आधी एक विचारतो. डॅशबोर्डला चमक येण्यासाठी काही लावता का? सांगा, तोवर बाकीचं लिहितो.

बावीस वर्षं टॅक्सी चालवतोय. आधी दाबोळीला होतो, २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून इकडे. भाडी बहुतेक रात्रीची. रात्री समोरून हेडलाइट पडला की काचेवरची एक रेघ दहा होते. गिऱ्हाईक सीटकव्हर बघतं, मी काच बघतो.

बहुतेक रेघा मळाच्या नसतात. आपणच लावलेलं पाणी, साबण, स्प्रे आपण परत उचलत नाही, ते वाळून बसतं, तीच रेघ. म्हणून अर्धी बाटली मारली हे वाचूनच मी समजलो. पुढच्या अख्ख्या काचेला चार फवारे पुष्कळ झाले, तेही फडक्यावर मारायचे. आतल्या बाजूला काचेवर थेट मारलं तर ओघळ डॅशबोर्डच्या जाळीत जातात.

आता रेघ आत आहे की बाहेर, हे कसं कळणार? आतून पुसताना शेवटचा हात आडवा फिरवायचा, बाहेरून पुसताना उभा. मग कॉजवेवर आडवी रेघ दिसली तर आतली, उभी दिसली तर बाहेरची. गोल गोल फिरवलं की काहीच कळत नाही आणि माणूस दोन्ही बाजू तीन तीनदा पुसत बसतो. तुमची आतली असणार असा माझा अंदाज. बाहेरची बाजू पाऊस धुतो, वायपर पुसतो, धुणारा पोरगा धुतो. आतल्या बाजूला गणपतीच्या चवथीशिवाय कोणी हात लावत नाही.

माझी रीत अशी. गाडी सावलीत आणि काच थंड. पण एसीने थंड झालेली नको. आपल्याकडे हवेत एवढी ओल, की एसी बंद करून लगेच पुसायला घेतलं तर काच बाहेरून घामेजलेली असते, आणि तुम्ही ती ओलच इकडून तिकडे ढकलता. दारं उघडी टाकून चहा पिऊन यायचं. मग आधी सगळी गाडी धुवायची, आतली धूळ झाडायची, आणि काच सगळ्यात शेवटी.

फडकी चार. दोन ओल्याची, दोन कोरड्याची. ओल्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवलीय, म्हणजे अंधारातही चूक होत नाही. ओलं म्हणजे पिळून घट्ट, थेंब पडता कामा नये. ओल्याने अर्धी काच पुसायची आणि ती वाळायच्या आत कोरड्याने उचलायची, मग दुसरी अर्धी. पूर्ण काच ओली करून मग कोरडं शोधायला गेलात की संपलं. फडक्याची चौघडी घालायची, एक बाजू ओलसर झाली की उलटायची. कोरडं फडकं दमट झालं तर ते पुसत नाही, माखतं. पावसात मी कोरडी चार घेतो, कारण जूनपासून काहीच नीट वाळत नाही.

लवेचं सांगतो. मायक्रोफायबर टॉवेलांबरोबर धुतलंत ना? ते फडकं लव पकडायलाच बनवलेलं आहे. मशीनमध्ये टॉवेलाची लव पकडतं आणि काचेवर आणून सोडतं. वेगळं धुवा, थोड्या साबणाने, दोनदा खळबळून, सावलीत वाळत घाला. काचेसाठी फुगीर केसाळ फडकं घेऊ नका, बारीक विणीचं सपाट मिळतं ते घ्या. नसेल तर घरातलं जुनं, शंभरदा धुतलेलं मलमलीचं धोतर. माझ्या वडिलांचं एक होतं, ते संपेपर्यंत मी मायक्रोफायबर विकत घेतलं नाही.

पाणी: विहिरीचं नको, समुद्राजवळच्या विहिरीचं तर नकोच, वाळल्यावर पांढरं उमटतं. मी घरातल्या एसीच्या नळीखाली कॅन ठेवतो. गाळून घेतो, काचेला तेच.

पुढच्या काचेचा खालचा कोपरा, जिथे डॅशबोर्ड आणि काच मिळतात, तिथे हात पोचत नाही आणि नेमकी तिथेच धुरकट पट्टी राहते. ड्रायव्हरच्या सीटवरून झटू नका, बाजूच्या सीटवर बसून तळहात वर करून हाताच्या मागच्या बाजूने जा. तरी पोचलं नाही तर प्लास्टिकचा उलथणा, त्याला फडकं, वर रबरबँड. आमच्या घरातला गाडीतच असतो, त्यावरून दोनदा भांडण झालंय.

दाराच्या काचा चार बोटं खाली घेऊन आधी वरची कड पुसा. तो मळ रबरात दडलेला असतो, आणि पुसलेली काच वरखाली केली की परत पट्टा येतो. मग वर करून बाकीची. एवढं करा, मग सांगा.


पणजी_ते_फोंडा
रविवार, सायंकाळी ६.१५

भाई, तुम्ही डॅशबोर्डचं विचारलंत आणि मी गुन्हेगार सापडल्यासारखी बसले. हो, लावते. गाडी धुवायला देते तिथे ते प्रत्येक वेळी "फ्री पॉलिश" म्हणून डॅशबोर्ड चकचकीत करून देतात, आणि घरी माझीही एक बाटली आहे, दर रविवारी. त्याच फडक्याने नंतर काच. एवढंच नाही, फडकी मऊ राहावीत म्हणून शेवटच्या पाण्यात सुगंधी सॉफ्टनर घालते.

दोन प्रश्न. एक, आता काचेवर बसलेलं ते निघणार कशाने? दोन, मैत्रीण म्हणते काचेला फिल्म लावून टाक, ऊनच कमी होईल.


लॅबवाला_कुर्टी
रविवार, रात्री ८.५०

दुसऱ्याचं आधी. फिल्मच्या भानगडीत पडू नका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वरून फिल्म चिकटवायला मनाई केली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. शिवाय तुमची अडचण ऊन नाही. काचेवरचा थर उजेड विखुरतो, म्हणून समोरचं पुसट होतं. फिल्म लावली तरी थर तसाच आणि उजेड कमी, म्हणजे संध्याकाळी आणखी वाईट.

आता थर. डॅशबोर्डचं प्लास्टिक लवचिक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेले असतात. फोंड्यात दुपारी शाळेच्या आवारात बंद गाडी उन्हात उभी राहिली की ते थोडे थोडे उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. नव्या गाडीला जो वास येतो त्यात हेही असतात. चमकवायच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकोन असतं, त्याची यात भर. सॉफ्टनरही तसाच मेणचट, धाग्यांवर बसतो आणि मग फडकं पाणी शोषत नाही. पाण्याने किंवा साबणाने हे विरघळत नाही, पसरतं. तुमचं इंद्रधनुष्य ते हेच, पातळ तेलकट थरावरून उजेड परतताना दिसणारे रंग.

उपाय: औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते. फडक्यावर घेऊन आतली काच पुसा, लगेच कोरड्याने उचला. पहिल्या वेळी फडकं पिवळट-करडं होईल, ते फडकं बाजूला ठेवून नव्याने दुसरा हात. दारं उघडी ठेवा, जवळ काडी-सिगारेट नको, वाफ पेट घेते. डॅशबोर्डवर सांडू देऊ नका. पाणी कमी-जास्त क्षाराचं असेल तर बाहेरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर पातळ केलेला व्हिनेगर चालतो, फक्त तो ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

मागच्या काचेवर आतून तपकिरी तारा असतील तर त्यांच्या दिशेने हलक्या हाताने पुसा, तारांना छेदून खरवडलं तर तार तुटते आणि तेवढ्या पट्ट्यात धुकं जात नाही. भाईंच्या एसीच्या पाण्याबद्दल: काचेला उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बॅटरीत मात्र घालू नका, कॉइलवरची धूळ त्यात असते.


मोपा_रात्रपाळी
रविवार, रात्री ९.३०

बॅटरीत कोण घालतोय पात्रांव, त्याचं पाणी तर दुकानातून आणतो. बाकी बरोबर. एवढं नाव माहीत नव्हतं, मी त्याला "डॅशबोर्डाचा घाम" म्हणतो.


सत्तरीची_सून
सोमवार, दुपारी २.१०

ताई, गाडी शाळेत आंब्याखाली लावता का? आता मोहोराचे दिवस. आमच्या वाळपईच्या घरासमोर आंबा आहे, मोहोर आला की तुडतुडे येतात आणि झाडाखाली सगळं चिकट. काचेवर बारीक बारीक मधाचे थेंब पडल्यासारखं दिसतं. वायपर मारला की तोच चिकटा कमानभर पसरतो आणि त्यावर धूळ बसते. मी दोन वर्षं कोणीतरी गाडीवर सोडा सांडतंय असं समजून शेजारच्या पोरांना ओरडत होते.

त्याला कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं काचेवर नुसतं टाकून ठेवते. चिकटा भिजून सुटतो, मग पुसायचं. घासायचं नाही.

आणि लाल धूळ कोरडी पुसू नका. आमच्याकडे रस्त्याकडेला ती केव्हाही असते, फडक्याखाली तिचा कण म्हणजे पॉलिशपेपर. आधी पाणी ओतून वाहू द्यायची. माझ्या दिराच्या गाडीची काच आता दुधाची साय धरल्यासारखी आहे, आणि त्याला वाटतं वयामुळे.


म्हापशेकर_७१
सोमवार, दुपारी ४.००

पेपरबद्दल कोणी काही बोललं नाही.


मोपा_रात्रपाळी
सोमवार, रात्री ११.४५

बोलतो भाई. कोरडा पेपर बाहेरून, शेवटच्या हाताला, चालतो. त्याला लव नसते ही त्याची एकच गोष्ट. आतून मी वापरत नाही, पांढऱ्या छताला काळे ठसे लागतात ते निघत नाहीत. एकदा लागलेत, गिऱ्हाईकाने वर बघून विचारलं होतं.


पणजी_ते_फोंडा
शनिवार, सकाळी १०.३०

हिशेब देते. गुरुवारी सुट्टी होती. पॉलिशची बाटली शेजाऱ्यांना दिली (त्यांना कारण सांगितलं, तरी घेतली). फडकी गरम पाण्यात साबणाने तीनदा धुतली, सॉफ्टनर नाही, टॉवेल नाही. एका फडक्याला गाठ मारली. अल्कोहोल-पाणी करून आतली काच.

पहिलं फडकं बघून मला लाज वाटली. चहाच्या गाळणीसारखं झालं. नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला हे आपण श्वासातून घेत होतो का. यावर मी काही वाचणार नाही असं ठरवलंय. दुसरा हात, तिसरा हात, मग फडकं स्वच्छ निघालं. खालच्या कोपऱ्याला उलथणा. डोशाचा नव्हता, केकचं मिश्रण हलवायचा सिलिकोनचा होता. फडक्याआडून काचेला टेकला नाही, तेव्हा लॅबवाले सर, घाबरू नका.

बाहेरून साध्या पाण्याने धुऊन पुसली. उभा हात. आंबा नाही, पण शाळेत आमचं पार्किंग फणसाखाली आहे, तेवढं सांगते. वायपरच्या पाण्याच्या टाकीत मी भांड्यांचा साबण घातला होता तोही उपसून काढला, फेस येत होता.

काल सकाळी कॉजवे. ऊन तेच, पाणी तेच. समोरचं सगळं दिसलं, अगदी खांबावर बसलेला बगळा. रायबंदरात पोदेर पन्नास पावलांवरून दिसला.

पण एक राहिलं. काचेच्या उजव्या अंगाला, माझ्या डोळ्यांसमोर, एक पातळ रेघ. आडवी नाही, उभी नाही. कमानीसारखी. आतून दोनदा, बाहेरून तीनदा पुसली. हलत नाही.


मोपा_रात्रपाळी
शनिवार, दुपारी १.२०

कमान म्हटलीत तिथेच कळलं. बाहेरून त्या रेघेवर आडवं नख ओढा. नख घसरलं तर वायपरने पसरलेला मेणचटपणा: रबर ओल्या फडक्याने, काळं यायचं थांबेपर्यंत पुसा, आणि काच अल्कोहोलाने बाहेरूनही. नख अडकलं तर तो चरा.


पणजी_ते_फोंडा
शनिवार, दुपारी १.३५

आत्ताच खाली जाऊन आले. अडकतंय.


मोपा_रात्रपाळी
शनिवार, दुपारी १.५०

मग पुसणं थांबवा, ते जाणार नाही. नख अडकेल एवढा चरा घासून काढायला गेलं तर तिथे काचेला खळगा पडतो आणि त्यातून रस्ता पाण्याखालून बघितल्यासारखा वाकडा दिसतो. असं करून देणारे भेटतील, डोळ्यांसमोरच्या जागेवर करून घेऊ नका.

वायपर उचलून रबराची कड बोटाने चाचपा. उन्हात कडक झालेलं असणार, एखादा वाळूचा कण रुतलेला असणार, किंवा टोकाला रबर फाटून पत्रा काचेला लागत असणार. दोन्ही रबरं बदला. मेच्या शेवटी बदलतात सगळे, तेव्हा दुकानात हव्या मापाचं मिळत नाही, तुम्ही आताच घ्या. आणि सकाळी काच कोरडी, धुळीची असताना वायपर मारू नका, आधी पाणी.


पणजी_ते_फोंडा
शनिवार, दुपारी २.१०

उजव्या टोकाला रबर बोटभर फाटलंय, आत पत्रा दिसतोय. मागचा अख्खा पावसाळा मी तो चालवला म्हणायचा. संध्याकाळी दुकानात जाते. माप दोन्ही बाजूंचं वेगळं असतं ना?


मोपा_रात्रपाळी
शनिवार, दुपारी २.१५

वेगळं असतं. जुनी दोन्ही काढून सोबत न्या. आणि काढल्यावर ती लोखंडी दांडी काचेवर तशीच टेकवू नका, खाली फडकं ठेवा. गाठ नसलेलं.